अर्धी मात्रा आधी

जावयाच्या हातून जे झालं ते स्वच्छतेपोटी झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आळशी माणसाच्या हातून एवढं मोठं नुकसान होऊच शकत नाही. ज्याला धूळ दिसत नाही तो धुळीच्या वाटेला जात नाही, आणि जगातल्या बऱ्याचशा मौल्यवान वस्तू अशा आळशी माणसांच्या कृपेनेच टिकून आहेत. पण हा जावई पडला रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधला. तिथे काचपट्टी पुसायची ती स्पिरिटने, टेबल पुसायचं ते स्पिरिटने आणि दिवसातून वीस वेळा स्वतःचे हात पुसायचे तेही स्पिरिटनेच. घरी आला की टीव्हीचा रिमोट, दाराच्या मुठी, दिव्यांची बटणं. एकदा त्याने बायकोचा चष्मा न मागता पुसून दिला, त्या दिवसापासून ती चष्मा उशीखाली ठेवते.

त्या रविवारी सकाळी दोघं सासऱ्यांकडे गेले होते. बायको स्वयंपाकघरात वडिलांचे डबे घासत होती. सासरे वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. जावयाला काही काम नव्हतं, आणि रिकामा जावई ही सासुरवाडीतली सगळ्यात धोक्याची वस्तू. समोर चावीचा ग्रामोफोन होता. शेजारी कागदी पाकिटातून अर्धी बाहेर आलेली एक काळी तबकडी, आणि तिच्यावर धूळ. म्हणजे, होती म्हणायची एवढीच. पण ज्याचा जन्म धूळ शोधण्यात गेला त्याला तेवढी पुरते.

त्याने पिशवीतून कापूस काढला, स्पिरिटची बाटली काढली आणि बाह्या वर केल्या.

पहिला बोळा काळाकुट्ट निघाला. "बाप रे," जावई स्वतःशीच म्हणाला, "किती वर्षांचा मळ!" दुसरा बोळाही काळा, तिसराही काळा. मळ संपेना, तसा त्याला चेव चढला. पाचव्या बोळ्याला तबकडी बोटांना चिकटायला लागली. मळ फारच मुरलाय, एवढंच त्याला वाटलं.

तेवढ्यात सासरे दारात आले.

"बघा बाबा, काय मळ काढलाय!" असं म्हणून त्याने पाचही बोळे पुढे केले. शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं त्याच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

सासऱ्यांनी बोळ्यांकडे पाहिलं, मग तबकडीकडे. वाचनालयाचं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं, ते टेबलाच्या कडेवरून खाली पडलं, आणि पुस्तक जमिनीवर पडलेलं असताना ते उचलायला सासरे वाकले नाहीत, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

"कशाने पुसलीत?"

"स्पिरिटने. एक जंतू राहिला नसेल."

"नाही," सासरे म्हणाले. "कुणीच राहिलं नसेल."

मग खुर्चीच्या पाठीला धरून ते म्हणाले, "तुम्ही चहा घ्याल ना, जावईबापू?" मुलाला थोबाडीत देता येते, मुलीवर ओरडता येतं. जावयाला चहाच द्यावा लागतो.

जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुणालाही विचारा, तो कामाची सुरुवातच तिथून करतो. जावयाला हे त्या चहाबरोबर बायकोकडून कळलं. त्याने काढला तो मळ नव्हता. ते गाणं होतं.

आता हे गाणं कसलं, हे सांगायचं तर सासऱ्यांचंच सांगायला हवं.

सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा, अशी अडतीस वर्षं. छापखान्यात त्यांना सगळे 'चाळणी' म्हणत. टेलिफोनची डिरेक्टरी त्यांनी सलग चौदा वर्षं तपासली, तीही लोक कादंबरी वाचतात तशा तब्येतीने. "यंदा शेवट जरा घाईत उरकलाय," असं एकदा म्हणाल्याचं लोक अजून सांगतात. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा चिठोरा ते औषधाआधी वाचायचे, त्यात चूक सापडली की औषध घ्यायचे नाहीत. सासूबाई होत्या तोवर घरातली वाण्याची यादीसुद्धा लाल शाईने दुरुस्त होऊन दुकानात जायची.

अशा माणसाच्या आयुष्यात गाणं, नाटक यांचा काही संबंध नव्हता. ते चार वर्षांचे असताना आई गेली. मावशीने वाढवलं. आई काय करायची, असं विचारलं की मावशी म्हणायची, "पोस्टात होती." पुढे काही विचारलं की म्हणायची, "जेव आधी." सासऱ्यांनी साठ वर्षं हे धरून ठेवलं. पोस्टात तिकिटं घ्यायला गेले की खिडकीमागच्या बाईशी ते जरा जास्त अदबीने बोलायचे.

मावशी गेली तेव्हा सासरे एकसष्ट वर्षांचे होते. तिच्या पत्र्याच्या पेटीत, लोकरीच्या गुंडाळ्यांच्या खाली, एक बत्तीस पानांची चोपडी निघाली. पूर्वी गाण्यांच्या नाटकात मध्यंतराला पदांची पुस्तकं विकायचे, तशातली. वर नाव: 'टपालातली राणी, हास्यरसप्रधान संगीतिका, तीन अंकी'. शेवटच्या पानावर नटसंच. अगदी तळाला, ज्यांची नावं जागा उरली तर छापायची अशा माणसांत, लिहिलं होतं: 'पोस्टातल्या मुली (चौघी)'. तिसरं नाव आईचं होतं.

"मावशी खोटं कधी बोलली नाही," सासरे नंतर सांगायचे. "फक्त मजकूर गाळायची."

नाटक मोठं वेडगळ होतं. एका राणीला नको असलेल्या लग्नातून पळायचं असतं म्हणून ती स्वतःला पेटीत बंद करून टपालाने पाठवते, पत्ता चुकतो, पेटी भलत्याच गावच्या पोस्टात जाते आणि पोस्टमास्तर तिच्या प्रेमात पडतो. पेटी अजून उघडलेली नसताना! आतून फक्त गाणं ऐकू येत असतं. सासऱ्यांनी चोपडी पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईच्या एकोणीस चुका काढल्या. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा पेन्सिल हातातच राहिली.

मग मात्र माणूस हातचा गेला. शहरातल्या तिन्ही वाचनालयांत जुन्या गाण्यांच्या नाटकांवरचं जे काही कपाटाच्या खालच्या फळीवर पडलं होतं, ते त्यांनी खाली बसून वाचून काढलं. जेवताना सांगायचे. पाच-पाच तास चालणारे खेळ, मध्येच विझणारे दिवे, मेलेला नायक टाळ्या पडल्या की उठून तेच गाणं पुन्हा म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. "एकदा तीन वेळा मेला," सासरे गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आणि चौथ्या वेळी मॅनेजर म्हणाला, आता पुरे, शेवटची गाडी चुकेल." जावयाला हसू यायचं. सासरे हसायचे नाहीत, हकिकत तपासून पाहत असल्यासारखे गप्प बसायचे.

मग त्यांना आणखी एक पुस्तक सापडलं. त्या नाटक मंडळीत विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारा एक प्रॉम्प्टर होता, त्याने म्हातारपणी पदरमोड करून काढलेल्या आठवणी. पानं नव्वद, चुका एकशे सतरा. एकाहत्तराव्या पानावर सहा ओळी होत्या, त्या सासऱ्यांना पाठ होत्या: 'पोस्टातल्या चौघी मुलींतली तिसरी फार उतावळी. घंटा व्हायच्या आत जेवायला बसे, खेळ संपायच्या आत वेणी सोडी. तबकडीत गाणं भरलं त्या दिवशीही पोस्टमास्तरचा प्रश्न संपायच्या आत हिने उत्तर दिलं, चांगलं अर्धी मात्रा आधी. गायनमास्तर संतापले. पण तिच्या तोंडाकडे पाहून हसू आवरेना. तबकडी तशीच गेली.'

एवढीच आई. सासऱ्यांकडे तिचा फोटो नव्हता, अक्षर नव्हतं, पातळाचा तुकडा नव्हता. जगात कुठेतरी एक चूक शिल्लक होती, आणि ती चूक आई होती. ज्या माणसाने अडतीस वर्षं चुका मारल्या तो आता एक चूक जिवंत सापडावी म्हणून भंगारवाल्यांचे उंबरे झिजवू लागला.

सात वर्षांनी तबकडी मिळाली. फुटक्या घड्याळांच्या खाली, एका टोपलीत.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती एकदा वाजायची. एकदाच, कारण लोखंडी पिन दर वेळी थोडंथोडं गाणं खाते. दर वेळी नवी पिन, खिडक्या बंद, पंखा बंद, लेक आणि जावई समोर दोन खुर्च्यांवर. आधी क्लॅरिनेट, मग पोस्टमास्तरचा नाकातला आवाज, मग तो विचारायचा, "सांगा मुलींनो, राणीची पेटी आली का?" आणि चौघी म्हणायच्या, "आली! आली! आली!" सासरे बोट वर करून बसलेले असायचे. "आता… आता… आली! ऐकलंत? त्याचा 'का' संपायच्या आत. ऐकलंत ना, जावईबापू?"

"हो तर! आली," जावई म्हणायचा.

आणि इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. जावयाला ती कधीच ऐकू आली नव्हती. त्याला खरखर ऐकू यायची, क्लॅरिनेट यायचं, मुलींचा एक गलका यायचा. त्या गलक्यात कोण पुढे, कोण मागे, हे त्याला तीन वर्षांत एकदाही उमगलं नाही. पहिल्या खेपेला तो भिडेपोटी 'हो' म्हणाला, आणि पहिल्या खेपेला 'हो' म्हटलेल्या माणसाला पुढे 'नाही' म्हणता येत नाही.

लेक दर महिन्याला सांगायची, "बाबा, मोबाइलवर घेऊन ठेवू या ना."

"घेऊ. जरा चांगल्या पिना मिळू देत. बोथट पिनेने घेतलेली आई मला नको."

चांगल्या पिनांचं पाकीट अखेर पोस्टाने आलं होतं. सासऱ्यांनी ते अजून फोडलं नव्हतं. पहिला रविवार यायला आठ दिवस होते.

तर, पाच बोळ्यांनंतर काय उरलं? संध्याकाळी सासऱ्यांनी तबकडी लावून पाहिली. बाहेरच्या कडेकडचा भाग शाबूत होता. क्लॅरिनेट आलं, पोस्टमास्तर आला. "सांगा मुलींनो, राणीची पेटी आ…" आणि पिन चिखलात पाय रुतावा तशी रुतली. जावयाचा हात नेमका आतल्या बाजूला मन लावून फिरला होता. प्रश्न तेवढा राहिला, उत्तर पुसलं गेलं.

"तू बोलू नकोस," घरी परतताना बायको जावयाला म्हणाली.

"मी काही बोललोच नाही."

"तेच सांगतेय. तुझं गप्प बसणंसुद्धा ऐकवत नाही मला. शंभरदा सांगितलं, लॅब लॅबमध्ये ठेवत जा. आता माझी आजी पुसलीस!"

दुसऱ्या दिवशी जावयाने सासऱ्यांकडून मागून आणलेली तबकडी लॅबमध्ये नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जिथे रेघा असायला हव्या होत्या तिथे वितळून थिजलेला काळा सपाट माळ होता. आयुष्यभर त्याने त्या भिंगातून दुसऱ्यांच्या नशिबात काय आहे ते पाहिलं होतं. स्वतः केलेलं काही प्रथमच पाहत होता. ते पाचही बोळे मात्र त्याला टाकवेनात. त्याने ते नमुन्याच्या बाटलीत घातले, झाकण लावलं आणि सवयीने चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर काय लिहायचं ते बराच वेळ सुचलं नाही. शेवटी तारीख लिहिली.

आठवड्याने त्याने ती बाटली खाली मान घालून सासऱ्यांपुढे ठेवली.

सासऱ्यांनी ती उजेडात धरली. "रिपोर्ट काय आला?" त्यांनी विचारलं.

जावयाला रडू फुटलं असतं, पण सासरे बाटली ग्रामोफोनशेजारी ठेवायला उठले होते, त्यामुळे राहून गेलं.

तीन महिने जावयाने फोन केले. रेडिओ केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, जुन्या तबकड्या मागेच मोडीत गेल्या. जुन्या वस्तूंच्या दुकानदारांनी सांगितलं, तसलं काही नाही, ग्रामोफोनचा भोंगा हवा तर आहे. शेवटी कुणीतरी एका निवृत्त दंतवैद्याचं नाव दिलं. पाच तासांच्या अंतरावर राहणारा, चार हजार तबकड्या जमवलेला. जावयाने तबकडीचा नंबर सांगितला. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग, "आहे की! 'टपालातली राणी', पोस्टातलं गाणं. या, ऐकवतो. विकणार मात्र नाही."

सासऱ्यांना कळवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नंबर पुन्हा वाचून घेतलात?" पण बसमध्ये त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि पाच तास खिडकीबाहेर पाटी आली तरी वाचली नाही.

दंतवैद्याचं घर म्हणजे चारही भिंतींना छतापर्यंत फळ्या. मध्ये खुर्ची, तीही दातांच्या दवाखान्यातलीच. "बसा, मागे टेका," तो सासऱ्यांना म्हणाला, आणि आता हा तोंड उघडायला सांगतो की काय असं जावयाला वाटलं. मग दंतवैद्य जावयाकडे वळला. "आपण?"

"हे आमचे जावई," सासरे म्हणाले. "त्यांना जरा लांब बसवा."

जावई दाराशी जाऊन बसला आणि हात त्याने मांडीखाली घेतले. मोबाइल मात्र परवानगी घेऊन ग्रामोफोनजवळ ठेवला होता.

तबकडी फिरू लागली. अशी स्वच्छ वाजत होती, जणू कालच छापलेली. जावयाने डोळे मिटले. उभ्या आयुष्यात त्याने एवढं काही ऐकलं नव्हतं. क्लॅरिनेट झालं. पोस्टमास्तर आला. सासऱ्यांचं बोट वर गेलं. "सांगा मुलींनो, राणीची पेटी आली का?"

"आली! आली! आली!"

चौघी एकदम. एका माणसाने म्हटल्यासारख्या. 'का' संपला आणि त्या आल्या. सासऱ्यांचं बोट वरच राहिलं.

सासरे काही बोलेनात, आणि ती शांतता त्याला सोसवेना. तीन वर्षांची सवय तोंडातून निसटली.

"आली, बाबा! आली!"

सासऱ्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. छापखान्यात ओळ वाचता वाचता थांबून पाहायचे तसं.

"तुम्हाला ती कधी ऐकूच आली नव्हती," ते म्हणाले.

जावयाने तोंड उघडलं, पण आता खोटं बोलायलाही काही उरलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

दंतवैद्याला यातलं काही कळलं नाही. तो खुशीत होता. "काय तयारी आहे! चौघी कशा एका दमात! अहो, ही दुसरी भरणी." त्याने दात पाहायचा छोटा आरसा काढला, तबकडीच्या मधल्या कागदाशेजारी धरला आणि त्यात उमटलेला बारीक आकडा दाखवला. "हा बघा, दोन. पहिल्या वेळी भरली तेव्हा एक पोरगी चुकली होती. थोड्या तशाच बाहेर गेल्या. मग कंपनीच्या लक्षात आलं, पुन्हा भरून घेतली. नंबर तोच, आवाज दुसरा."

"पहिली कुणाकडे असेल?" जावयाने विचारलं.

"आता कुठली! चुकीची कोण ठेवतं? माझ्याकडेसुद्धा होती. ही चांगली मिळाली, तशी ती भंगारात दिली. दहा-बारा वर्षं झाली असतील."

सासऱ्यांनी हळूच खुर्चीची पाठ सोडली आणि ते उठले. "चांगली आहे प्रत," ते दंतवैद्याला म्हणाले. "एकही चूक नाही." हेच वाक्य त्यांनी हजारो पानांखाली लिहिलं होतं, सही करून.

बसला वेळ होता. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर दोघं बसले. समोरच्या वेळापत्रकाच्या पाटीवर एका गावाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. सासरे पाटीकडे पाहत होते, पण त्यांनी ते दाखवलं नाही. जावयाने बराच वेळ मोबाइल हातात खेळवला. स्पिरिटची बाटली त्याने पिशवीतून केव्हाच काढून टाकली होती. आता काय काढून टाकावं ते त्याला सुचत नव्हतं.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "मी घेतलंय ते गाणं. आणि मला वाटतं, त्यातही त्या असणारच की. त्याच चौघी. फक्त या वेळी त्या वेळेवर आल्यात, एवढंच. घरी गेल्यावर लावू या?"

सासऱ्यांनी पाटीवरची नजर काढली नाही.

"वेळेवर येणारी माझी आई नाही."